तीन फुटांचा दर्या

डोंबिवली (पूर्व),
१९ सप्टेंबर १९९३

प्रिय दादूस,

पाण्याचे दोन्ही कॅन गुणाजीच्या टेम्पोतून पोचले. त्याची कुरकूर चालूच आहे. "मालनताय, सगळी डोंबिवली माझ्याकडून म्हावरं घेते, तुम्ही एकट्या पाणी घेता." चहा प्यायल्यावर निवळला. रिकामे कॅन आणि हे पत्र त्याच्याच हाती देते आहे, म्हणजे पोस्टापेक्षा लवकर मिळेल.

टाकी कशी दिसते, असं तू विचारलंस. कॉलेजच्या प्रयोगशाळेने मोडीत काढलेली ती तीन फुटांची टाकी मी जूनमध्ये घरी आणली, तेव्हा तू हसला होतास. आता येऊन बघ. तू दिलेल्या अर्नाळ्याच्या दगडांवर शर्टाच्या बटणाएवढी प्रवाळं उमलतात आणि मिटतात. एक समुद्रफूल आहे. कुर्ल्याच्या दुकानातून आणलेले दोन केशरी मासे, अंगावर पांढरे पट्टे असलेले, त्या फुलातच राहतात. बाबांची खुर्ची मी टाकीला लावून ठेवली आहे. एप्रिलमधल्या झटक्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द फुटलेला नाही, पण ते दिवसभर काचेत बघत असतात आणि चांगला डावा हात पाण्यावर ठेवतात. तुझ्या घरापासून खाडी वीस पावलांवर. डॉक्टर जवळ म्हणून मी त्यांना इथे दुसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं, तेव्हापासून मनाला लागून राहिलं होतं. आता थोडं कमी लागतं.

गेल्या बुधवारी डॉक्टर घरी आले होते. घास गिळताना ठसका लागतो, अर्धं ताट परत येतं, असं मी सांगितलं. ते म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. हे बोलणं बाबांच्या खुर्चीशेजारीच झालं. मला वाईट वाटलं, पण उपयोग झालेला दिसतो. त्या दिवसापासून ताट अगदी स्वच्छ परत येतं. तोंड वाकडं झाल्यापासून जेवताना कोणी बघितलेलं त्यांना चालत नाही, म्हणून मी ताट ठेवून स्वयंपाकघरात जर्नल्स तपासत बसते. दुपारी मी कॉलेजात असते, तेव्हा शेजारच्या ठमाबाई ताट वाढून आपल्या घरी जातात. मऊ म्हणून रोज बोंबलाचं कालवण आणि भात.

एकच तक्रार. काचेवर तपकिरी थर धरू लागला आहे. नव्या टाकीत असं होतं, जाईल. होडी कशी आहे?

तुझी,
मालन


बाळकुम,
ता. २३-९-९३

चि. मालन हीस गोमाजीचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या वहिनीने, जनीने, मला दोनदा वाचायला लावलं. बापूस जेवतो हे ऐकून तिने देवापुढं दिवा लावला.

शेवाल येणारच बाय, त्यात घाबरायचं काय? आपल्या होरीच्या बुडाला काय कमी यायचा? बापूस ओहोटीला होरी चिखलात कलती करायचा नि खराट्याने घासायचा. आपण दोघं पाणी मारायचो. तू शाळेचा फ्रॉक भिजवायचीस नि आईचा मार मी खायचो. पंधरा दिवसांत शेवाल पुन्हा हजर. बापूस कधी वैतागला नाय. म्हणायचा, पाण्यात राहायचं तर पाण्याचं अंगाला लागणारच.

पाणी चांगलं हाय, बाहेरच्या दर्याचं. त्याची खात्री मी देतो. होरी बरी हाय.

तुझा भाऊ,
गोमाजी


डोंबिवली,
१० ऑक्टोबर १९९३

प्रिय दादूस,

तपकिरी थर गेला आणि त्याच्या जागी हिरवं शेवाळ आलं. केसांसारखं, बोटभर लांब, सगळ्या दगडांवर. रोज सकाळी बाही वर करून मी ते हाताने उपटते आणि चहाच्या गाळणीत गोळा करते. दुसऱ्या दिवशी तेवढंच. खालची बटणं गुदमरून मिटली आहेत, आठ उमलतच नाहीत.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मी वही घातली आहे. शेवाळाला उजेड लागतो आणि पाण्यात विरघळलेलं अन्न लागतं, तिसरं काही नाही. उजेड मी कमी केला. खिडकीच्या काचांना ब्राऊन पेपर लावला, ट्यूब आठ तासांऐवजी पाच तास. माशांना चिमूटभर खाणं, तेही दिवसाआड, मीच घालते आणि डबा कपाटात ठेवते. पाणी कॉलेजात नेऊन तपासलं तर नायट्रेट भलतंच जास्त. म्हणजे अन्न कुठून तरी येतं आहे. कुठून, ते मला सापडत नाही. पाण्यावर तेलकट तवंगही असतो. मी वर्तमानपत्राचा कागद अलगद टेकवून तो उचलून घेते.

ठमाबाईंना यात फार रस. "उपाशी ठेवता म्हणता, आणि मासे बघा, माझी सून सातव्या महिन्यात अशी होती." मी म्हटलं, अहो, ती त्यांची जातच गुटगुटीत. मग म्हणतात, "आणि तुमच्या बाबांनी कावळे पाळलेत. दुपारी ग्रिलवर रांग असते, शाळा सुटल्यासारखी."

बाबा जेवतात, पण अंगाला लागत नाही. पांढरा सदरा खांद्यावरून घसरतो. डॉक्टर म्हणाले, वयाने आणि बसून राहिल्याने स्नायू झडतात. मला ते पटलं. पटवून घेतलं की पटलं, याचा विचार करते आहे.

काल मी शेवाळ उपटत असताना त्यांनी माझं मनगट धरलं. थांब, असं म्हणत असावेत. हिरवं बघायला त्यांना आवडत असेल. पण मी थांबू कशी? तेवढा एक समुद्र त्यांना उरला आहे आणि तो माझ्या हातात मरतो आहे. तू भाऊबीजेला येशील ना? ये, आणि तुझ्या डोळ्यांनी बघून सांग.

तुझी,
मालन


बाळकुम,
ता. १८-११-९३

चि. मालन हीस आशीर्वाद.

भाऊबीजेला पोटभर जेवलो. तुझ्या हातच्या करंज्या आईसारख्या झालेल्या. साडी बदलून आणायची तर जनीला सांग, तिने निवडली हाय, मी नाय.

तू सैपाकघरात होतीस तेव्हा मी बापसाजवळ तासभर बसलो. बरं वाटलं. बोलला नाय, तरी बोलल्यासारखं झालं. तुझी टाकी झकास हाय. ते केशरी मासे बघून मी पण घरी जायचं विसरलो.

एक सांगतो, ऐक. शेवालाचा एवढा जीवाला घोर लावून घेऊ नको. जास्त घासू नको, जास्त शोधू नको. बापसाला जसा दिसतो तसा दिसू दे. हिरवा तर हिरवा. त्याला जे करायचं ते करू दे. तू लय शिकलीस म्हणून तुला प्रत्येकाचं कारण लागतं. काही गोष्टींना नसतं बाय.

पाणी गुणाजीबरोबर दिलं हाय.

गोमाजी


डोंबिवली,
५ डिसेंबर १९९३

दादूस,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे.

शुक्रवारी गुणाजी बोलता बोलता म्हणाला, "होरी विकल्यापासून गोमादादा पार शांत झालाय." मी विचारलं, कधी विकली? तो म्हणाला, नारळी पौर्णिमेच्या आधीच. तू आता बाळकुमच्या नव्या इमारतींच्या फाटकावर बसतोस, खाकी शर्ट घालून. मला हे गुणाजीकडून कळावं?

होडी तुझी होती, विकायचा हक्क तुझा होता, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण मला "होरी बरी हाय" असं लिहिलंस. मग प्रश्न असा, की होडी नाही तर बाहेरच्या दर्याचं पाणी येतं कुठून? घरामागच्या खाडीतून? तिथे रंगाच्या कारखान्यांचं पाणी येतं, गटारं येतात, डिझेल तरंगतं. माझ्या टाकीवरचा तवंग, ते नायट्रेट, सगळ्याचा उलगडा होतो. मी अडीच महिने स्वतःला दोष देत शेवाळ उपटते आहे, आणि तू भाऊबीजेला माझ्या घरात बसून मला म्हणतोस, "जास्त शोधू नको."

तुला त्रास होत होता तर सांगायचंस. मी तुला कधी काय म्हटलं असतं? पण हे पाणी बाबांसाठी होतं. दगडावरची निम्मी बटणं मेली. समुद्रफूल आक्रसून गेलं आहे. बाबा तोच हात त्या पाण्यात घालतात.

यापुढे पाणी पाठवू नकोस. मी कॉलेजात क्षार मिसळून तयार करीन. हे लिहून मला बरं वाटत नाही, पण न लिहिता राहणं खोटेपणा होईल.

मालन


बाळकुम,
ता. ९-१२-९३

चि. मालन,

होरी विकली हे खरं. खाडीत जाळं टाकलं तर चपला नि पिशव्या येतात. बापसाला कळलं तर, म्हणून तुला पण नाय सांगितलं. तेवढं चुकलं.

पाण्याचं तुला जे वाटतं ते वाटू दे. माझंच चुकलं असेल. रागावू नको. बापसाला टाकीपासून हलवू नको, एवढंच सांगतो.

गोमाजी


डोंबिवली,
२९ डिसेंबर १९९३

दादूस,

तू चूक कबूल केलीस, तरी मन निवलं नाही. तू भांडशील असं वाटत होतं. भांडला असतास तर बरं झालं असतं.

नाताळच्या सुट्टीत शेवटचा उपाय केला. टाकी तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवायची, उजेडाचा कवडसासुद्धा नको. शेवाळ उपाशी मरतं, मासे आणि फूल तेवढं सोसतात. शनिवारी सकाळी मी आईची जुनी गोधडी टाकीवर घातली, सुतळीने चारही बाजूंनी बांधली आणि शेजारची खिडकीही लावून घेतली. बाबा बघत होते. मी त्यांना समजावून सांगितलं, तीनच दिवस. ते डाव्या हाताने गाठ चाचपत राहिले.

ते तीन दिवस जेवले नाहीत, दादूस. ताट जसंच्या तसं. एखाददुसरा घास, मग ठसका, मग मान फिरवायची. रुसले होते. लहान मुलासारखे रुसले होते माझ्यावर. मी रागावले सुद्धा. म्हटलं, "असं कराल तर डॉक्टरांना बोलवावं लागेल." मंगळवारी गोधडी सोडली. त्या दुपारी ताट पुन्हा स्वच्छ. मला हसू आलं आणि रडूही. एवढा जीव त्या टाकीत.

शेवाळ पांढुरकं पडलं होतं, निम्मं गळून आलं. पण आज दुसऱ्याच दिवशी पाण्यावर तवंग आहे. आता तर पाणी तुझं नाही, माझं आहे. हे मी वहीत लिहून ठेवलं आहे आणि त्याचा अर्थ मला लागलेला नाही. तुझ्यावर अन्याय केला की काय, हा विचार येतो. नीट तपासून मग लिहीन.

बाबांना दोन दिवस बारीक ताप आहे. थंडीचा असावा.

मालन


डोंबिवली,
१३ फेब्रुवारी १९९४

प्रिय दादूस,

बाबांचे दिवस करून तू आणि जनीवहिनी गेलात, त्याला आज बारा दिवस झाले. इथे असताना आपण बोललो ते सगळं विधीचं, भांड्यांचं, कोण आलं कोण नाही त्याचं. तू टाकीकडे पाठ करून बसायचास. मला वाटलं, माझ्या त्या पत्राचा राग असेल.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी छातीत कफ झाल्याचं लिहिलं. पण दाखल करताना तिथली नर्स मला म्हणाली होती, "किती दिवस पोटात काही नाही यांच्या?" मी तिच्यावर चिडले. म्हटलं, दोन्ही वेळा ताट संपवतात, मी वहीत लिहिते. तिने माझ्याकडे बघितलं आणि सलाईन लावायला घेतलं.

रजेवर असल्यामुळे मी गेला आठवडा दुपारी घरी होते. साडेबाराला दोन्ही मासे फुलातून बाहेर आले आणि खुर्चीकडच्या कोपऱ्यात पाण्याच्या वर तोंड काढून थांबले. मला वाटलं हवा कमी पडते. पंप तपासला, ठीक होता. रात्री आठला पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी साडेबाराला पुन्हा. मी त्यांना खाणं कधी त्या कोपऱ्यात घातलेलं नाही, आणि त्या वेळी तर नाहीच.

साडेबारा आणि आठ या बाबांच्या जेवणाच्या वेळा.

मी टाकीतला मागचा मोठा दगड उचलला. खाली एक चिंबोरी होती, मुठीएवढी. अर्नाळ्याच्या दगडाच्या भोकातून शेंगदाण्याएवढी आली असेल. तिच्या बिळात बोंबलाचे मणके होते, दोऱ्यासारखे, धुऊन पांढरे झालेले. मी चिमट्याने काढून बशीत ठेवले. एकशे अकरापर्यंत मोजले आणि मग मोजणं सोडलं.

भात खुर्चीशेजारच्या खिडकीतून कावळ्यांना गेला असणार. ठमाबाईंना विचारलं. म्हणाल्या, "मी सांगितलं होतं की, कावळे येतात म्हणून." त्यांनी सांगितलं होतं. मी ते तुला गंमत म्हणून लिहिलं होतं.

दादूस, टाकीत आता एकही हिरवा धागा नाही. मी काही केलेलं नाही. खिडकीवरचा ब्राऊन पेपरही काढून टाकला आहे, ऊन सरळ आत येतं. काच लख्ख आहे. चार नवी बटणं उमलली आहेत.

मोरीत कपाटाखाली तुझा एक भरलेला कॅन राहिला होता, नोव्हेंबरचा. काल कॉलेजात नेऊन तपासला. खुल्या समुद्राचं, निर्मळ पाणी. तीन महिने मी टाकीतलं पाणी तपासत होते, तुझ्या कॅनमधलं एकदाही नाही. कसली प्रयोगशाळेतली बाई मी. पण तू का गप्प बसलास? "माझंच चुकलं असेल" असं का लिहिलंस?

तुझी,
मालन


बाळकुम,
ता. १७-२-९४

चि. मालन,

दोन दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. जनी म्हणाली, लिहा एकदाचं, नायतर मी डोंबिवलीला जाऊन सांगते.

भाऊबीजेला तू वाटण काढत होतीस. बापसाच्या ताटात बोंबील होता. त्याने डाव्या हाताने एक तुकडा उचलला नि टाकीत सोडला. मासे धावले. मी म्हटलं, "बापू, काय करता?" त्याने माझं मनगट धरलं. अशी पकड, जशी होरीवर धरायचा मी तोल गेल्यावर. नि मग ओठावर बोट ठेवलं. सैपाकघराकडं बघून पुन्हा ओठावर बोट.

तुला आठवतं का, तू होरीवर जास्त आली नाहीस. दर्यात शिदोरी सोडली की बापूस पहिला घास पाण्यात टाकायचा. कितीही भूक असो. म्हावरं गावलं तरी पहिलं एक परत सोडायचा. दर्याचा वाटा. मला वाटलं तोच हाय. बोलता येत नाय, चालता येत नाय, तरी वाटा द्यायचं विसरला नाय म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला काय ठाऊक बाय, तो एक तुकडा नव्हता. मला वाटलं एकच तुकडा.

बापसाने मला आयुष्यात कधी काय मागितलं नाय. पहिल्यांदा मागितलं ते गप्प राहायचं. तू कारण शोधत होतीस. तुला कळलं असतं तर तू ताट लांब ठेवलं असतंस, झाकण लावलं असतंस, त्याच्या हिताचंच केलं असतंस. मंग तू पाण्याला दोष दिलास. मी म्हटलं, देऊ दे. माझं पाणी वाईट ठरलं तर बापसाचा वाटा चालू राहील. म्हणून भांडलो नाय.

पाणी अर्नाळ्याचं होतं. होरी गेल्यापासून जनीचा भाऊ राघो बाहेर जातो तेव्हा भरून ठेवायचा. दर गुरुवारी पहिल्या एस.टी.ने जाऊन मी कॅन आणायचो. तू नको म्हणालीस तरी गेलोच. सवय मोडली नाय. पडवीत कॅनांची रांग लागली हाय. जनी म्हणते, मीठ पिकवा आता.

तुझ्या पत्रात लिहिलेलं असायचं, ताट स्वच्छ, नि सदरा ढिला होतो. मी दोन्ही वाचलेलं. माझ्या डोळ्यासमोर तुकडा पाण्यात गेलेला. तरी मी एकाला एक जोडलं नाय. तू शिकलेली, तुला अर्धंच ठाऊक होतं. मला तर सगळं ठाऊक होतं. माझ्या तोंडाला कुलूप लागलं नि बापूस उपाशी गेला.

तू मला काय पण बोल.

गोमाजी


डोंबिवली,
२० फेब्रुवारी १९९४

प्रिय दादूस,

तुला काय बोलू? तू एक तुकडा बघितलास. मी शंभरावर दिवस ताटं बघितली.

तुला सगळं ठाऊक होतं, असं तू म्हणतोस. नव्हतं. एक गोष्ट मी तुला सप्टेंबरच्या पत्रात ओझरती लिहिली होती, तिचा अर्थ तुला लागण्यासारखा नव्हता आणि मी ती विसरले होते. आज वही पहिल्या पानापासून वाचली. बुधवार, १५ सप्टेंबर: डॉक्टर आले. नळीचं म्हणाले. गुरुवार, १६ सप्टेंबर: बाबांचं ताट स्वच्छ. समासात मी आनंदाने चांदणी काढली आहे. २७ सप्टेंबर: मागच्या दगडावर पहिला हिरवा धागा. सगळं माझ्याच अक्षरात आहे, एकाखाली एक.

तो वाटा नव्हता, दादूस. निदान सगळा नव्हता. त्यांना गिळता येत नव्हतं, आणि अर्धं ताट परत गेलं तर नाकात नळी येणार, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांच्याशेजारी उभं राहून आम्ही ते बोललो, ते खुर्चीत नसल्यासारखं. मग त्यांनी ताट रिकामं करायची वाट शोधली. पेज आणि चहा तेवढा घशाखाली उतरत असावा. अंधाराचे तीन दिवस टाकी बांधलेली आणि खिडकी बंद होती, म्हणून ताट भरलेलं राहिलं, आणि मी वहीत लिहिलं आहे, "रुसले आहेत." वर रागावून डॉक्टरांची धमकी दिली. त्यांना काय वाटलं असेल, ते मला या जन्मात कळणार नाही.

अजून एक लिहायचं आहे. ते वहीत नाही. जेवताना बघितलेलं त्यांना चालत नाही म्हणून मी आत जाते, असं मी तुला लिहिलं होतं. ते खरं होतं, पण अर्धं. मलाही बघवत नव्हतं. आपले बाबा, भर पावसाळ्यात उभ्याने होडी वल्हवणारे, आणि ओठाच्या कोपऱ्यातून भात गळतो आहे. त्यांनी मान फिरवली की मला सुटल्यासारखं व्हायचं. जर्नल्स तर मी कॉलेजातही तपासू शकले असते. शेवाळाच्या मागे मी एवढी का लागले, याचंही उत्तर तेच असावं. काचेकडे बघत राहिलं की खुर्चीकडे बघावं लागत नव्हतं.

शेवाळ मला रोज सांगत होतं, इथे अन्न येतं आहे. मी ते उपटून गाळणीत टाकत होते. त्यांनी मनगट धरलं, ते थांब म्हणायला की सांगायला, हेही मी विचारलं नाही.

मासे अजून साडेबाराला कोपऱ्यात येतात. परवा मला राहवलं नाही. बाबांच्या खुर्चीत बसून जेवायला घेतलं. पण घास त्या कोपऱ्याकडे नेता येईना आणि तोंडाकडेही नेता येईना.

तू रविवारी ये. वहिनींनाही आण. मला तुझ्याकडून क्षमा नको आहे आणि तुला माझ्याकडून नको असेल. फक्त माझ्यासमोर बसून जेव. मी ताट वाढून आत जाणार नाही.

तुझी,
मालन


बाळकुम,
ता. २४-२-९४

चि. मालन,

रविवारी येतो. जनी येते. म्हावरं तू घेऊ नको, राघो ताजे बोंबील देणार हाय. दोन कॅन पाणी गुणाजीच्या टेम्पोत टाकतो.

आधी तू जेवायचं. मी बघत बसणार. मग मी जेवणार, तू बघ.

बापसाचा तुकडा तू टाक, त्याच कोपऱ्यात. मोठा टाक. शेवाल आला तर खराटा घेऊन येतो, दोघं मिळून घासू.

गोमाजी